‘जुलमी सत्ता उलथवण्यासाठी हिंसा समर्थनीय आहे’: वादविवाद स्पर्धेची तयारी

हा विषय आला की निम्मे स्पर्धक भगतसिंग विरुद्ध गांधी अशी कुस्ती लावतात. परीक्षकांनी ती शंभरदा पाहिलेली असते. शिवाय त्या धुळीत मुद्दा हरवतो: कोणती हिंसा, कुणावर, कुणाच्या हुकमानं?

म्हणून आधी ‘हिंसा’ हा शब्द फोडा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सत्तेशी लढणाऱ्या नेल्सन मंडेलांनी १९६४च्या खटल्यातल्या निवेदनात घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती असे चार प्रकार वेगळे केले होते आणि जीवितहानी टाळता येते म्हणून आधी घातपात निवडल्याचं सांगितलं होतं. तुम्ही यातल्या कुठल्या पायरीपर्यंत जाणार, ते पहिल्याच मिनिटात सांगा. सात मिनिटांना सातशे-साडेसातशे शब्द पुरतात. त्यातली तीन मिनिटं एका उदाहरणाला द्या. पाच उदाहरणांची यादी वाचली की एकही लक्षात राहत नाही.

साताऱ्याचं प्रतिसरकार (१९४३–४६), म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभं केलेलं समांतर सरकार, दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं. अनुकूल बाजूनं सुरुवात वर्षभर आधीपासून करावी. ३ सप्टेंबर १९४२ला तासगावच्या मोर्चानं कचेरीवर तिरंगा लावला. ९ तारखेला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि इतर काही जण जागीच पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या. जून १९४३मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला. शांततेची वाट कुणी बंद केली, हे या तारखा याच क्रमानं म्हटल्या की आपोआप कळतं. विशेषणं लागत नाहीत.

प्रतिकूल बाजूनं ‘पत्री’ हा शब्द धरावा. खबरे आणि गुंड यांच्या तळपायांवर काठ्या बसत, त्याला ‘पत्री मारणं’ म्हणत, म्हणून लोक ‘पत्री सरकार’ म्हणू लागले. फटके खाणारा निर्दोष निघाला तर त्यानं दाद कुठं मागायची? याच्या जोडीला, गावागावांतली न्यायदान मंडळं, दारूबंदी आणि कमी खर्चाचे गांधी-विवाह यांनीच हे सरकार लोकांत रुजलं, बंदुकांनी नाही, असं मांडा. आमच्या मते प्रतिकूल बाजूचा सगळ्यात जड मुद्दा हाच.

आकडा एकच पुरे. चेनोवेथ आणि स्टीफन या संशोधकांनी १९०० ते २००६मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. त्यांत अहिंसक मोहिमा ५३ टक्के यशस्वी ठरल्या, सशस्त्र २६ टक्के. नुसता आकडा फेकून बसू नका, कारण सांगा: अहिंसक लढ्यात म्हातारी माणसं, बाया, दुकानदार उतरू शकतात, त्यामुळे गर्दी वाढते आणि सत्तेचे आधार सुटतात. अनुकूल वक्त्याचं उत्तर असं: हत्यार बहुधा तिथंच उचललं जातं, जिथं सत्ता जास्त निर्दय असते. आयसीयूत जास्त रुग्ण दगावतात म्हणून आयसीयू वाईट ठरत नाही.

फसगत प्रश्नोत्तरांत होते. अनुकूल वक्ता ‘ध्येय न्याय्य असलं की सगळं चालतं’ म्हणून बसला की समोरचा मंडेलांच्या संघटनेच्या सशस्त्र शाखेनं २० मे १९८३ला प्रिटोरियात लावलेला कारबॉम्ब काढतो. चर्च स्ट्रीटवर हवाई दलाच्या मुख्यालयाबाहेर स्फोट झाला, १९ माणसं मेली, त्यांत सामान्य नागरिकही होते. इथं ‘हे माझ्या पायरीच्या पलीकडे आहे’ असं म्हणता यायला हवं, आणि ते पहिल्या मिनिटात पायरी सांगितली असेल तरच म्हणता येतं.

प्रतिकूल वक्त्याला दक्षिण आफ्रिकेतलंच शार्पविल विचारलं जाणार: २१ मार्च १९६०, निदर्शकांवर गोळीबार, ६९ ठार. त्यांनी मग काय करायचं होतं? ‘धीर धरायचा’ हे उत्तर सभागृह स्वीकारत नाही. ऐंशीच्या दशकातले संप, घरभाडं न भरण्याची मोहीम, गोऱ्यांच्या दुकानांवरचे बहिष्कार आणि बाहेरून आलेले आर्थिक निर्बंध सांगा.

आदल्या संध्याकाळी जोडीदाराला समोर बसवा आणि हे दोन प्रश्न अचानक विचारायला लावा. उत्तर तीस सेकंदांत संपलं पाहिजे. चाळीसवर गेलं तर एक वाक्य काढा, बहुतेक वेळा ते पहिलंच असतं.