कढीपत्त्यासाठी ग्रो टेंट निवडताना

टोरांटोसारख्या थंड ठिकाणी कुंडीतला कढीपत्ता हिवाळ्यात घरात आणला, तरी अपुऱ्या उजेडामुळे त्याची पाने गळू लागतात. त्यासाठी ग्रो टेंट, म्हणजे आत दिवा टांगून झाड वाढवायचा कापडी तंबू, घ्यायचा असेल, तर लांबी-रुंदीच्या आधी उंची पाहावी. १६० सेंटिमीटर उंचीतून कुंडीचे ३०, दिवा आणि त्याच्या दोऱ्यांचे २० आणि दिव्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराचे ४० सेंटिमीटर वजा केले, की झाडाला जेमतेम ७० उरतात. म्हणून छताची उंची परवानगी देत असेल, तर १८० किंवा २०० सेंटिमीटरचाच घ्यावा. सांगाड्याच्या कोपऱ्यांचे सांधेही धातूचे असावेत, कारण दिवा आणि पंखा यांचा सगळा भार वरच्या दांड्यांवर येतो. लवकर बिघडते ती दाराची चेन (झिप), तेव्हा ती वळणावर अडकत नाही ना, हे दोन-चार वेळा उघडझाप करून पाहावे. खालच्या बाजूला जाळीची झडप हवीच, नाहीतर आत दमटपणा साचून मातीला बुरशी लागते. तळाचा ट्रे सुटा निघणारा असावा. नव्या कापडाला उग्र वास येत असेल, तर तो जाईपर्यंत टेंट उघडा ठेवावा आणि मगच झाड आत न्यावे. ही पाने शेवटी आपल्याच फोडणीत पडणार आहेत.