वाइन चाखायला बसताना बाटलीला टॉवेल गुंडाळा

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. कापड आधी बोटांनी बघायचं आणि भाव नंतर विचारायचा, हे वडिलांनी शिकवलं. भाव आधी कळला की बोटांना तोच पोत वेगळा लागायला लागतो. गच्चीवर मित्रमंडळी वाइन घेऊन जमायला लागल्यावर मी तोच नियम तिथे लावला: आधी चव, बाटलीचं नाव आणि भाव नंतर. गेली सात-आठ वर्षं आमची बैठक त्यावरच चालते.

आठ जणांना चार बाटल्या पुरतात. साडेसातशे मिलीच्या बाटलीतून प्रत्येकाला साठ-साठ मिली दिली तरी दुसऱ्या फेरीला थोडी उरते. मात्र चारही बाटल्यांमध्ये काहीतरी समान हवं. सगळ्या शिराझ या एकाच काळ्या द्राक्षाच्या रेड, किंवा सगळ्या एकाच किमतीच्या आसपासच्या. एक गोड, एक फेसाळ, एक रेड अशी सरमिसळ प्यायला मजेची असते, पण तुलना कशाची कशाशी करणार?

बाटली आणणाऱ्याने ती पिशवीतून बाहेर काढायची नाही. दुसऱ्या कुणीतरी आतल्या खोलीत बूच काढायचं, मानेवरचं वेष्टण पूर्ण उतरवायचं, बाटलीभोवती टॉवेल गुंडाळून रबर लावायचं आणि वर नंबर लिहायचा. टॉवेल दोन-तीनदा धुतलेला घ्या. कोऱ्या टॉवेलला खळीचा वास असतो आणि त्याने ग्लास पुसले तर तंतू चिकटतात. ग्लास महाग नकोत, तोंडाशी थोडे निमुळते असले की वास आत राहतो. गजरा, अत्तर, उदबत्ती त्या संध्याकाळपुरती बाजूला ठेवा. फोडण्याही तासभर आधी उरकून घ्या.

आता सोलापूरचा खरा प्रश्न, उष्म्याचा. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात ते थंड देशातल्या, सोळा-अठरा अंशांच्या खोल्यांसाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. तशा हवेत रेड तशीच ओतली तर नाकात फक्त अल्कोहोल चढतं आणि चांगली वाइनसुद्धा भडक लागते. रेड चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट दोन-तीन तास ठेवून ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा, फार गार असली की वास उमलत नाही. वेळ नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात पोकळ्या राहतात, पाण्यामुळे गारवा सगळीकडून लागतो.

उष्म्याचा एक धडा आम्हाला महागात पडला. आमच्यातल्या एकाने पुण्याहून आणलेली चांगली बाटली एप्रिलमध्ये दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिली. बूच वर सरकलं होतं, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळे "छान, छान" म्हणाले. नंतर प्रत्येकाने चव लिहिलेल्या चिठ्ठ्या उघडल्या, तर तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: गुळाचा पाक, शिजवलेल्या मनुका, करपलेला मुरंबा. वाइन तापून गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे आधी लिहायचं आणि मगच बोलायचं. एकाने मोठ्याने "व्वा" म्हटलं की बाकीच्यांची जीभ त्याच्या मागे जाते.

ग्लास एक तृतीयांशच भरा. रंग पांढऱ्या कागदावर धरून बघा, पण त्यावर फार विसंबू नका. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्डोच्या एका प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून दिला होता. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 जणांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं.

मग ग्लास फिरवा आणि वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास आला तर बुचाचा दोष आहे. ती बाटली बाजूला ठेवा, वाट बघून ती सुधारत नाही. वास स्वच्छ असेल तर आपल्या ओळखीचे शब्द शोधा. परदेशी पुस्तकातलं ब्लॅककरंट आमच्यापैकी कुणी खाल्लेलं नाही, मग ते लिहायचं कशाला? जांभूळ लिहा, करवंद लिहा. सोव्हिन्यॉं ब्लांक या व्हाइट वाइनला हिरवी ढोबळी मिरची आणि कच्चा पेरू लिहा. शिराझला मिरीचा वास येतो तो काही भास नाही. मिरीतला रोटंडोन हा पदार्थ त्या द्राक्षाच्या सालीतही असतो.

तोंडात घेतल्यावर लोक आंबट आणि तुरट यांत गल्लत करतात. घोट गिळा आणि थांबा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या सुपारी खाल्ल्यासारख्या कोरड्या पडल्या तर तो तुरटपणा, साली-बियांतून येणारा. दोन्ही हवेत. आंबटपणाशिवाय वाइन सरबतासारखी मिळमिळीत लागते. मग मनात आकडे मोजा. चव पाचाच्या आत विरली तर वाइन साधी. दहा-बाराच्या पुढे टिकली आणि टिकताना गोड लागली, तर माझा तिला मान.

पहिली फेरी खाण्याशिवाय घ्या, मध्ये फक्त पाणी आणि कडक भाकरीचा तुकडा. शेंगा चटणी दुसऱ्या फेरीला. तिखटावर तुरट रेड घेतली की जाळ वाढतो, शेनिन ब्लांक ही किंचित गोडसर व्हाइट वाइन तोच जाळ शांत करते. मटणाला मात्र रेडच, कारण मीठ आणि चरबी तुरटपणा मऊ करतात. आपल्याच जिल्ह्यात, अकलूजला, फ्रातेल्ली ही वाइन कंपनी इटलीचं सांजोव्हेजे द्राक्ष पिकवते. त्या वाइनचा आंबटपणा रश्श्यापुढे टिकतो. नान्नजच्या बिनबियांच्या सोनाका द्राक्षांवर वाढलेल्या आम्हाला हे द्राक्ष बघून नवल वाटलं होतं: मणी लहान, आत बिया.

गुण देऊ नका, क्रम लावा. एक जण सढळ हाताने अठरा देतो, दुसरा बारावर थांबतो, त्यांची बेरीज निरर्थक. प्रत्येकाने एक ते चार क्रम लिहायचा. बेरीज ज्या बाटलीची सर्वांत कमी, ती पहिली. कधीतरी एकच वाइन दोन नंबरांखाली गुपचूप ठेवा. आम्ही केलं तेव्हा वकीलबाईंनी एकीला पहिला नंबर दिला आणि तिच्याच जुळीला चौथा. त्या रात्री आम्ही दोन्ही ग्लास पुन्हा समोर घेऊन अर्धा तास बसलो.

टॉवेल शेवटीच सोडायचे. घरी जाताना गाडी कुणीही चालवायची नाही, रिक्षा आधीच सांगून ठेवलेली असते. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक घोट घेऊन कालच्या चिठ्ठीखाली आजची ओळ लिहा.