ताठर पाय ओढू नका: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरी होणाऱ्या चुका

लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, पायांची कैची होते, एक मूठ सतत मिटलेली राहते. ही सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडण्याची, लक्षणं असू शकतात. घरातले म्हणतात, "त्याचा काकाही उशिराच चालला होता." या समजुतीत मोलाचे महिने जातात. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर त्याला डावखुरं ठरवून मोकळं होऊ नका, दुसरा हात तपासून घ्या. बालरोगतज्ज्ञ किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र), जिथे लवकर जमेल तिथे जा.

सगळ्यात जास्त नुकसान जोर लावण्याने होतं. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण तिच्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो. असा स्नायू जितक्या वेगाने ताणाल, तितका तो उलट आवळतो. मालिशवाल्या बाईंनी पाय झटक्यात ओढला की मूल कळवळतं आणि पाय आणखी ताठ होतो. गुडघा सावकाश सरळ करायचा, अडेल तिथे थांबून धरायचं, सैल वाटला की थोडं पुढे न्यायचं. हे फिजिओथेरपिस्टसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा, नुसतं बघून येत नाही. तेल जरूर लावा, मुलाला तो स्पर्श हवाच असतो. त्याने ताठरपणा मात्र जात नाही.

अर्धा तास व्यायाम आणि उरलेला दिवस चाकांच्या वॉकरमध्ये, हेही चुकतंच. वॉकरमध्ये मूल बोटांवर रेटत पुढे जातं, टाच टेकतच नाही. पायाचा स्प्लिंट, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरणारा आधार, कपाटात पडून राहिला तर त्याचा उपयोग नाही. तो काढल्यावर त्वचेवरचा लालसर वण अर्ध्या तासानेही गेला नाही, तर स्प्लिंट बदलून घ्या. मूल वाढतं, स्प्लिंट वाढत नाही.

ताठरपणा अचानक वाढला तर आधी दुखणं शोधा: बद्धकोष्ठता, किडलेला दात, कान, लघवीचा संसर्ग, घट्ट बूट. बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना अनेकदा अशीच दिसते. अशा वेळी बॅक्लोफेनचा, म्हणजे ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा, डोस स्वतः वाढवू नका. आणि गोळ्या संपल्या म्हणून ते एकदम बंद तर मुळीच करू नका, झटके येऊ शकतात.

ताठर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं की काम झालं, असंही नाही. त्याचा परिणाम साधारण 3 ते 6 महिने टिकतो. ते महिने व्यायामासाठी मिळालेले असतात, ते वाया घालवू नका. 'स्टेम सेल'च्या जाहिरातींना भुलून दागिने मोडू नका, सेरेब्रल पाल्सीवर तो मान्य उपचार नाही.

खुब्याचा सांधा तपासायचं बहुतेक घरांत राहूनच जातं. स्नायूंच्या ओढीने तो हळूहळू निसटतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. चालू न शकणाऱ्या मुलांना हा धोका सर्वाधिक. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा?"