कोणी पाहिलं नाही, तरी शिपायाने धरलं काहून? ‘किंगडम कम’ खेळताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. कूलर सुरू करून पीसीसमोर बसलेली बरीच पोरं मग या गेममधल्या १४०३ सालच्या बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) पोचतात. तिथे बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: खोलीत कोणी नव्हतं, पेटी आरामात उघडली, दुसऱ्या दिवशी शिपायाने वाटेत अडवून झडती घेतली. मग गेममध्ये बग आहे असं ठरवून टाकतात.

तो बग नाही. वॉरहॉर्स स्टुडिओच्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) आणि त्याच्या दुसऱ्या भागात (फेब्रुवारी २०२५) गुन्ह्याचा हिशोब गावातली माणसं ठेवतात. घरमालकाला वस्तू गायब दिसते, तो विचार करतो की आसपास परकं कोण फिरत होतं, आणि तुम्ही कोणाच्या नजरेस पडला असाल तर संशय तुमच्यावर येतो. चोरी करताना दिसणं आणि चोरीच्या जागेजवळ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसुद्धा महागात पडते. दुसऱ्या भागात हे फार बारकाईने केलं आहे.

‘स्कायरिम’ची सवय

निम्म्या चुका इथूनच येतात. ‘स्कायरिम’ या दुसऱ्या गाजलेल्या गेममध्ये (२०११) गुन्ह्याला ठरलेला भाव आहे: मारहाण ४० सोन्याची नाणी, खिसा कापणं २५, खून १०००, तुरुंग फोडणं १००. हिशोब नऊ प्रांतांचा वेगवेगळा ठेवला जातो, आणि शेवटचा साक्षीदार मेला की तुमच्या डोक्यावरची रक्कम उतरते. ही सवय ‘किंगडम कम’मध्ये आणू नका. साक्षीदाराला मारलंत तर चोरीच्या जागी खून होतो. प्रेत सापडतं, शिपाई सावध होतात, गाव बिथरतं. बेशुद्ध करून ठेवलेला माणूसही थोड्या वेळाने उठतो आणि बोंब मारतो.

‘स्कायरिम’मध्ये चोरीच्या मालावरचा शिक्का आपोआप कधीच जात नाही, इथे तो काळाने पुसला जातो. म्हणून इथे घाई न करणाऱ्याचा फायदा होतो.

टेहळणी आणि चोरी एकाच दिवशी

दिवसा दुकानात शिरायचं, कोपऱ्यातली पेटी न्याहाळायची, पायऱ्यांजवळ अर्धा तास रेंगाळायचं आणि त्याच रात्री पेटी फोडायची. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एखाद्या दुकानासमोर कोणी असं केलं तर दुकानदाराला सकाळी पहिली आठवण कोणाची येईल? इथेही तसंच होतं. टेहळणी करायची तर गिऱ्हाईक म्हणून करा. काहीतरी विकत घ्या, निघून जा, आणि मध्ये दोनतीन दिवस जाऊ द्या.

दिवसासुद्धा मागच्या खोलीत किंवा माडीवर गेलात तर ती खाजगी जागा असते. मालक आधी बाहेर जायला सांगतो. त्या क्षणी निघालात तर प्रकरण तिथेच मिटतं, थांबून राहिलात तर तोच गुन्हा होतो.

रात्री मशाल नसणं

ही टाळायला सगळ्यांत सोपी चूक आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी. अंधार पडल्यावर गावात किंवा शहरात हातात उजेड नसेल तर पहारेकरी अडवतो. चोरी केलेली नसली तरी अडवतो, आणि बोलणं सुरू झालं की झोळीतला मालही उघडा पडू शकतो. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्यांना ‘कोतवाली’ हा शब्द रोजचा आहे. या गेममधल्या शहराचा पहारा त्याच कामाचा आहे, रात्री कोण कुठे फिरतंय हे पाहणं.

म्हणून रस्त्याने मशाल पेटवूनच चाला, ऐन दाराशी गेल्यावर विझवा, काम झाल्यावर रस्त्यावर येताच पुन्हा पेटवा. विझवलेली मशाल हातात घेऊन चौकातून पळत सुटणारा माणूसच शिपायाच्या नजरेत भरतो. तलवार उपसून गावात फिरणंही असंच, विनाकारण हटकून घेणं आहे.

कपडे आणि कुलूप

इन्व्हेंटरीत, म्हणजे जवळच्या सामानाच्या यादीत, कपड्यांखाली आवाज आणि दृश्यमानता असे आकडे दिसतात, तिकडे लोक बघतच नाहीत. साखळीचं चिलखत आणि लोखंडी पत्रे प्रत्येक पावलाला खणखणतात. चोरीसाठी ते उतरवा आणि गडद रंगाचे साधे कपडे घाला. दुसऱ्या भागात तीन पोशाख तयार ठेवता येतात. एक लढाईचा, एक लोकांशी बोलण्याचा, एक रात्रीचा, अशी वाटणी सोयीची पडते.

कुलपात लॉकपिक (कुलूप उघडायची सळई) मोडली की आवाज होतो आणि शेजारी झोपलेला माणूस जागा होतो. सोनेरी ठिपका सापडल्यावर कुलूप एकदम फिरवू नका. कुलूप फिरतं तसा ठिपकाही सरकत जातो, त्याच्या मागे माउस हळू नेत राहा. ‘अवघड’ कुलपावर नवख्याने जाऊच नये. आधी सोप्या पेट्यांवर हात बसू द्या.

रक्ताने माखलेले कपडे घालून बाजारात जाऊ नका. लोकांवर तुमची छाप पडत नाही आणि शिपायाशी बोलताना नेमकी तीच लागते. पाण्याच्या डोणीवर धुतलं तर वरवर निघतं, नीट स्वच्छता स्नानगृहातच होते.

चोरलेला माल त्याच गावात विकायला काढणं

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण पकडले जाणाऱ्यांत बहुतेक जण याच टप्प्यावर पकडले जातात. चोरलेल्या वस्तूवर इन्व्हेंटरीत खूण दिसते. तो माल झोळीत असताना झडती झाली तर माल जातो आणि वर दंड बसतो. झडती टाळून पळालात तर पळण्याचाही गुन्हा जमा होतो.

काम झाल्यावर माल स्वतःच्या पेटीत टाका आणि विसरून जा. स्वस्त वस्तूंची खूण लवकर जाते, महागड्या तलवारी-चिलखतांना बराच वेळ लागतो. पैशाची घाई असेल तर चोरीचा माल घेणारा शोधा. पहिल्या भागात रत्ताईचा गिरणीवाला पेशेक हे काम करतो. मात्र भाव कमी मिळेल हे धरूनच जा.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. वाटमाऱ्यांना मारून त्यांच्या अंगावरचं घेतलेलं चोरीत मोडत नाही, पण गावकऱ्याच्या किंवा शिपायाच्या प्रेतावरचं घेतलं तर मोडतं. लढाई आटोपल्यावर सरसकट सगळं उचलत सुटणाऱ्यांच्या झोळीत असा एखादा तुकडा असतो आणि तोच झडतीत सापडतो.

शिपायाने धरल्यावर

पहिली चूक म्हणजे पळणं, दुसरी म्हणजे तलवार काढणं. छोटा गुन्हा असेल तर आधी बोला. बोलण्याची कला आणि तुमचा रुबाब चांगला असेल तर सुटका होते, नाहीतर दंड भरून मोकळे व्हा. गावात तुमचं नाव कसं आहे यावरही बरंच अवलंबून असतं, आणि प्रत्येक ठिकाणचं नाव वेगळं असतं. एका गावात बदनाम झालेला हेन्री, म्हणजे गेमचा नायक, दुसऱ्या गावात सज्जन असू शकतो.

दुसऱ्या भागात शिक्षेच्या पायऱ्या आहेत: दंड, मग चौकात खोड्यात (लाकडी चौकटीत) अडकवणं, मग छड्यांचे फटके, मग तापल्या लोखंडाने डाग देणं, आणि शेवटी फाशी. खोड्याला लोक लाजतात आणि गेम रीलोड करतात. करू नका. छोट्या गुन्ह्यासाठी खोडा हा चांगला सौदा आहे, पैसे वाचतात आणि प्रकरण मिटतं. डाग मात्र खरा धोका आहे. तो दिसत असेपर्यंत लोक नीट वागत नाहीत, आणि त्या काळात पुन्हा मोठ्या गुन्ह्यात सापडलात तर फासावर जाल. डाग बसल्यावर काही दिवस लोहारकाम करा, औषधी वनस्पती गोळा करा, खिशांना हात लावू नका.

पहिल्या भागात खोड्याऐवजी तुरुंग आहे. दिवस भराभर जातात, पण बाहेर आल्यावर काही काळ अंगातली ताकद कमी झालेली असते. सुटल्या सुटल्या द्वंद्वाला जाऊ नका.

सेव्हचा गोंधळ

हवं तेव्हा सेव्ह करायला ‘सेव्हियर श्नॅप्स’ ही गेममधली दारू लागते. बेलाडोना आणि नेटल ही खाजरी वनस्पती वाईनमध्ये शिजवून ती करतात. चोरीला निघण्याआधी दोनतीन बाटल्या जवळ असू द्या आणि घरात शिरण्याआधी सेव्ह करा. शिरल्यानंतर सेव्ह केलं आणि साक्षीदाराने आधीच पाहिलेलं असेल, तर किती वेळा लोड केलं तरी तीच अडचण पुढे येते. स्वतःच्या पलंगावर झोपलं तरी सेव्ह होतं, आणि सेव्ह करून बाहेर पडायचा पर्याय मेनूत आहे.

उन्हाळ्यात लाइट जाण्याचा भरवसा नसतो. पीसीला यूपीएस लावा आणि कूलरचा प्लग त्या यूपीएसवर देऊ नका, नाहीतर मोटरच्या भाराने बॅटरी दोन मिनिटांत बसते. लाइट गेली की लगेच ‘सेव्ह करून बाहेर’ दाबा.