लहान मेंदूच्या विकारावर मूलपेशींचा उपचार सुचवला गेल्यास काय तपासावे

चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे असलेल्या रुग्णाला मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी) टोचून घेण्याचा सल्ला मिळाला, तर आधी निदान पक्के आहे का ते पाहावे. ई जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडची मंदगती किंवा फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचे जास्त झालेले प्रमाण यांमुळे उद्भवलेला अटॅक्सिया (हालचालींतील ताळमेळ बिघडणे) मूळ कारणावर इलाज केल्यास आटोक्यात येऊ शकतो. आनुवंशिक प्रकाराची शंका असल्यास जनुकीय चाचणी करून घ्यावी.

त्यानंतर डॉक्टरांना विचारावे, की या पेशी मेलेल्या पर्किंजे पेशींची (लहान मेंदूतील मोठ्या चेतापेशींची) जागा घेणार आहेत, की उरलेल्या पेशींना पोषक द्रव्ये पुरवून तगवणार आहेत. पहिला दावा फार मोठा आहे. एकेका पर्किंजे पेशीवर लाखाहून अधिक तंतूंचे संदेश येतात आणि तिचा स्वतःचा अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा तंतू) लहान मेंदूच्या गाभ्यातील केंद्रकांपर्यंत, म्हणजे चेतापेशींच्या समूहांपर्यंत, पोहोचावा लागतो. ज्यांच्या पर्किंजे पेशी जन्मजात दोषामुळे नष्ट होतात अशा उंदरांमध्ये भ्रूणातील पेशी रोवल्या असता त्या योग्य थरात जाऊन बसल्या, त्यांना येणारे तंतूही जोडले गेले, परंतु गाभ्यापर्यंतची पुढची जोडणी मोजक्याच पेशींना साधली. त्यामुळे कंबरेतून मज्जाद्रवात टोचलेल्या अस्थिमज्जेच्या पेशी लहान मेंदू नव्याने घडवतील, हे पटण्यासारखे नाही. दुसरा दावा संभवनीय आहे; मात्र त्याचा पुरावा म्हणून रुग्णांच्या चित्रफिती न स्वीकारता, अटॅक्सियाची तीव्रता ० ते ४० गुणांत मोजणाऱ्या ‘सारा’ मापनाचे तुलनागटासह (हा उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या गटासह) आकडे मागावेत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे मान्य विकारांसाठीचे रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ चिकित्सा-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्येच) करता येतो. म्हणून चाचणीचा सीटीआरआय (भारतातील चिकित्सा-चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागून तो संकेतस्थळावर स्वतः पडताळावा आणि नीतिसमितीची मंजुरी पाहावी. सहभागासाठी पैसे मागितले, तर तेथूनच परत फिरावे.

धोका काल्पनिक नाही. अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया हा आनुवंशिक विकार झालेल्या एका मुलाला मॉस्कोत भ्रूणातील चेतापेशी टोचल्यानंतर सुमारे चार वर्षांनी मेंदूत व मज्जारज्जूत गाठी आढळल्या, आणि त्या दात्यांच्या पेशींपासून वाढल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पेशींचा स्रोत, त्यांची मात्रा, पुढील अनेक वर्षांच्या एमआरआय तपासण्यांचे वेळापत्रक आणि इजा झाल्यास भरपाई कोण देणार, हे सर्व लेखी घ्यावे.