घरातली वीज नक्की कुठे जाते? मीटरवरूनच शोधा

बिल वाढलं की ‘दिवे बंद करा’ हा सल्ला ठरलेला. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज ५ तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. खरी गळती असते ती कोणी काही वापरत नसताना, दिवसरात्र चालू राहणाऱ्या भाराची, म्हणजे प्लगला लागून वीज घेत राहणाऱ्या उपकरणांची. आधी तो मोजा, मग काय बंद करायचं ते ठरवा.

१. दिवे, पंखे, एसी, गीझर बंद करा. जे नेहमी प्लगला लावलेलं असतं ते तसंच राहू द्या.

२. फ्रिज तेवढ्यापुरता बंद करा. मी सुरुवातीला इथेच अडायचो. दर वेळी आकडा वेगळा यायचा, कारण फ्रिजचा कंप्रेसर मधूनमधून चालतो आणि थांबतो. पंधरा-वीस मिनिटं दार उघडलं नाही तर आतल्या अन्नाला काही होत नाही. इन्व्हर्टर असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज झालेली हवी. वीज नुकतीच जाऊन आली असेल तर त्या दिवशी मोजूच नका.

३. आता मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. त्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की १ युनिट होतं. दोन दिवे असतील तर ‘kWh’ (किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट) लिहिलेला धरा. एकाच लुकलुकीवर हिशेब करू नका, दहा मोजा. पहिल्या लुकलुकीला ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणा आणि तिथेच घड्याळ सुरू करा. इथे चुकलात तर दहा टक्क्यांचा फरक पडतो.

हिशेब असा: ३६,००,००० ला लुकलुकींच्या संख्येने गुणा, मग मीटरवरच्या आकड्याने आणि लागलेल्या सेकंदांनी भागा. ३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकींना २०० सेकंद लागली तर भार साधारण ५६ वॅट. दिसायला किरकोळ, पण सतत चालणारा १ वॅट वर्षाला ८.७६ युनिटं खातो. म्हणजे हे ५६ वॅट वर्षाला सुमारे ४९० युनिटं होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशातून तुम्हाला काहीही मिळत नाही.

क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) अँपिअर मोजून व्होल्टने गुणा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चार्जर, टीव्ही, मोटर यांचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा) कमी असतो, त्यामुळे त्या गुणाकारातून खऱ्या वॅटपेक्षा मोठा आकडा येतो. छोट्या भाराला तर ही पद्धत अगदीच निरुपयोगी.

४. एकेक प्लग काढत पुन्हा मोजा. सेट-टॉप बॉक्सपासून सुरुवात करा. रिमोटने बंद केल्यावरही अनेक बॉक्स जवळपास तेवढीच वीज घेत राहतात.

५. फ्रिज चालू करा. त्याच्यासाठी प्लगमध्ये बसणारा मीटर घ्या आणि पूर्ण २४ तास लावून ठेवा. कंप्रेसर सतत चालत नाही, म्हणून फ्रिजवर चिकटवलेल्या पाटीवरच्या वॅटला २४ ने गुणून फ्रिज बदलायला निघू नका.

६. जे बंद ठेवता येईल त्याला बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड लावा, आणि त्याच रात्री पुन्हा दहा लुकलुकी मोजा. बिलाची वाट पाहू नका, त्यात हवामान, पाहुणे, सुट्ट्या सगळंच मिसळलेलं असतं.