सेनेगल नदीचा नकाशा वाचताना या चुका टाळा

सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यामधली निळी रेघ दिसली की ‘उगम : सेनेगल’ असं लिहून आपण मोकळे होतो. नावानं फसवलेलं असतं. पाणी येतं गिनीतल्या फुटा जालोनच्या डोंगराळ भागातून. तिथून निघालेल्या बाफिंगला मालीत बाफुलाबे इथे बाकोय मिळते आणि पुढे तिला सेनेगल म्हणतात. बाफिंगसकट लांबी सुमारे १,८०० किमी भरते. मानंतालीचं धरणही सीमेवर शोधू नका, ते मालीत बाफिंगवर आहे. गॅम्बिया नदीचा उगमही फुटा जालोनचाच, त्यामुळे दोघींची गल्लत होते.

सीमेची नदी म्हणजे कुंपण, हा समज तर अगदीच सोडा. दोन्ही काठांवर पुलार, सोनिंके आणि वोलोफ बोलणारी माणसं राहतात. पूर ओसरल्यावर ओल धरलेल्या जमिनीत पेरणी करायची, ही इथली जुनी रीत. कित्येकांचं घर एका देशात, तर शेत दुसऱ्यात. एप्रिल १९८९मध्ये नदीकाठच्या दियावारा गावाजवळ गुराखी आणि शेतकऱ्यांत चराईवरून ठिणगी पडली. बघता बघता दोन्ही देशांत कत्तली झाल्या आणि हजारो माणसांना नदीपार हाकललं गेलं. नकाशात यातलं काहीच दिसत नाही.

‘धरणामुळे खारं पाणी थांबलं’ हे उत्तर खरं, पण अर्धंच. मुखाजवळच्या १९८६च्या दियामा धरणाआधी उन्हाळ्यात समुद्राचं पाणी दोनशे किमीच्या आसपास आत शिरायचं. ते अडलं आणि बारमाही भातशेतीची सोय झाली. मात्र गोड्या, संथ पाण्यात गोगलगायी माजल्या. त्यांना खाणारी कोळंबी अंडी घालायला मचूळ पाण्याकडे जाते. धरणानं तिचीच वाट अडवली. १९८८पासून सेनेगलमधल्या रिशार-तोल इथे बिलहार्झियाची, म्हणजे याच गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या परजीवी रोगाची, मोठी साथ पसरली.

मुखाबद्दलही सावध राहा. ऑक्टोबर २००३मध्ये मुखाजवळचं सेंट लुई शहर पुरात बुडू नये म्हणून नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या दांड्यात जेमतेम ४ मीटर रुंदीचा चर खणला. समुद्रानं तो काही वर्षांत किलोमीटरभरापलीकडे रुंदावला आणि दून बाबा जेय गाव गिळलं. त्यामुळे हातातला नकाशा २००३च्या आधीचा असेल, तर मुखाची जागा त्यावरून सांगू नका.